सुई, पूजा, भाकरी

आमच्या घरातली सकाळ घड्याळावर चालत नसे. घड्याळ होतं, अप्पांच्या दुकानात गल्ल्याच्या वर टांगलेलं, पण ते त्याला वाटलं तर चाले. आमची सकाळ ठरलेल्या क्रमानं चाले. आधी आईला सुई, मग आईची पूजा, मग आईची भाकरी. यांच्यामध्ये दुसरं काही घुसलेलं मला चालत नसे. आज मी त्या वेळच्या आईपेक्षा वयानं कितीतरी मोठी झाले, तरी भल्या सकाळी कुणी दार वाजवलं की 'भाकरी झाली का' हेच अजून आधी मनात येतं.

आम्ही गंगाखेडचे. पुढच्या अंगाला अप्पांचं किराणा दुकान, मागच्या अंगाला घर, मध्ये अंगण आणि अंगणात आड. अप्पा म्हणजे माझे वडील. दुकानात गुळाच्या ढेपा भिंतीला लावून रचलेल्या असत आणि त्यांचा वास थेट देवळीपर्यंत येई. ज्या घरात गूळ गाडीनं उतरतो त्याच घरच्या बाईला साखरेचा आजार व्हावा, यावर गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसून घेत. मला त्यांचा राग यायचा. त्यातल्या बहुतेक जणी आता हयात नाहीत, पण माझा राग आहे.

आजार आला तेव्हा तो आजार आहे हे कुणाला कळलंच नाही. आईला तहान लागायला लागली. तांब्यावर तांब्या पाणी घशाखाली उतरवायची आणि परत रांजणाकडे जायची. खाणं दुप्पट झालं आणि अंगावरचं मांस उतरत गेलं. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या. न्हाणीच्या मोरीपाशी मुंग्यांची रांग लागली तेव्हा शेजारच्या म्हातारीनं अप्पांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. मग वैद्य झाला, जांभळीच्या बियांचं चूर्ण झालं, कारल्याचा रस झाला. आई सगळं मुकाट्यानं प्यायली आणि आणखी वाळली. एक दिवस ती आडापाशी घागर ठेवून खाली बसली ती उठेना. दुसऱ्या दिवशी अप्पांनी दुकान बंद ठेवलं आणि आम्ही तिघं आगगाडीनं परभणीला गेलो.

परभणीच्या दवाखान्यातले डॉक्टर हैदराबादेहून आलेले होते. दाढी पांढरी, शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्यांनी आईकडे नीट पाहिलं, लघवी तपासली आणि म्हणाले की शक्करची बिमारी आहे, आता जन्मभर सुई लागेल, रोज दोन वेळा. अप्पांना वाटलं सुई घ्यायला रोज परभणीला यावं लागेल. डॉक्टर हसले. म्हणाले, घरातल्या कुणीतरी शिका.

अप्पा शिकायला बसले. डॉक्टरांनी काचेच्या पिचकारीला सुई लावली आणि ती आईच्या दंडाजवळ नेली, तेवढ्यात मागे धप्पकन आवाज झाला. अप्पा खाली पडले होते. माझे वडील क्विंटलभराचं पोतं पाठीवर घेत, नदीच्या पुरात उतरत, पण सुई बघून त्यांची शुद्ध जाई. म्हणून मी शिकले. मी तेव्हा परकरातली पोर होते. डॉक्टरांनी माझं मनगट धरून मला ते शिकवलं, आणि शेवटी माझ्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाले, "बेटी, एक बात याद रखना. सुई दिये तो खाना होनाच. खाना नहीं मिला तो येइच सुई जान लेती. पसीना छूटा, हात कांपे, तो पहले गुड मुँह में. भूलना नक्को."

मी विसरले नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं, असं पुढे पुष्कळदा वाटलं. जे औषध तिला जगवतं तेच तिला मारू शकतं, आणि ते रोज माझ्या हातानं जातं, हे कळल्यावर माझं बालपण संपलं.

आम्ही निघताना डॉक्टरांनी अप्पांना थांबवून आणखी एक गोष्ट सांगितली. मी दाराशीच होते. हे औषध जनावराच्या पोटातल्या एका अवयवापासून काढतात, तुम्ही लोक परहेजवाले, म्हणून सांगतो, असं ते म्हणाले. आम्ही शिवभक्त, लिंगधारी. आमच्या घरात मांसाचं नावसुद्धा कुणी काढत नाही. अप्पांनी लांब बाकावर बसलेल्या आईकडे पाहिलं. मग म्हणाले, "द्या." परतीच्या गाडीत आई खिडकीला टेकून झोपली होती. अप्पा मला एवढंच म्हणाले, "तिला सांगायचं न्हाई." मी मान हलवली.

अशी ती औषधाची बाटली आमच्या घरात आली. तिला गारवा लागे. रांजणाच्या खाली एक गाडगं, त्यात ओली वाळू, त्या वाळूत बाटली. उन्हाळ्यात मी दिवसभर त्या वाळूवर पाणी शिंपडत असे. उंदीर येईल, गाडगं फुटेल, शेजारचं पोर हात घालील, एकेक भीती. पिचकारी रोज उकळायची आणि तडकली तर दुसरी हैदराबादेहून येईतोवर काय, ही भीती वेगळी. एक निळं औषधही दिलं होतं. काचेच्या नळीत ते घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि तापवायचं. निळंच राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर थोडी काळजी, विटकरी झालं तर साखर फार चढलेली. हा उद्योग चुलीवर करायची सोय नव्हती. आईनं मला चुलीसकट घराबाहेर काढलं असतं. मी गोठ्याच्या मागे चिमणीवर नळी धरून बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे पोरगी करणी-बिरणी करायलीय. माझं लग्न लांबलं त्यामागे हेही एक कारण असावं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी सासरी गेले तर आईला सुई कोण देणार, या विचारानं स्थळ मोडलं की मी हुश्श करायची.

आता पूजेचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्यात जन्मल्यावर गुरू लिंग बांधतात, ते मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. ज्याचं त्याचं वेगळं. रोज अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, पाणी, बेल, फूल वाहायचं. ही पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. डॉक्टर म्हणाले होते, सुईनंतर अर्ध्या तासानं जेवण. आईची पूजा बरोबर तेवढ्या वेळाची. म्हणून आम्ही घरच्या घरी क्रम लावला. मी सुई द्यायची, आई पूजेला बसायची, मी भाकरी टाकायची, पूजा संपली की ताट पुढे. आईला तर वाटे की देवानंच हे जुळवून आणलं. तिला एकाच गोष्टीची लाज वाटे, नवऱ्याच्या आधी जेवण्याची. सगळ्या गावात अशी ती एकटीच. म्हणून ती भिंतीकडे तोंड करून जेवायची. अप्पा मुद्दाम दुकानात खाटखूट करत बसत, म्हणजे तिला वाटावं त्यांचं लक्ष नाही.

फक्त एकदा क्रम चुकला होता. पूजा झाली आणि दारात आत्याबाई उतरल्या. आई त्यांचे पाय धुवायला धावली, मग चहा, मग गप्पा, आणि बोलता बोलता तिची जीभ जड झाली. ती हसायला लागली, विनाकारण. कपाळावर घाम. मी गुळाचा खडा तिच्या तोंडात कोंबला तेव्हा आत्याबाईंनी माझ्या पाठीत धपाटा घातला की पोरगी आईला मारायली. थोड्या वेळानं आई भानावर आली आणि तिला काहीच आठवेना. मला मात्र सगळं आठवत होतं. त्या दिवसापासून मी पूजा संपायच्या आधीच ताट वाढून तिच्याजवळ बसून राही.

मग ते धामधुमीचं वर्ष आलं, निजामी राज्याचं शेवटचं. टोळ्या येतात, घरं लुटतात, दागिने ओरबाडतात, अशा बातम्या रोज नव्या. बाजार दुपारीच ओस पडे. ज्यांचे नातेवाईक हद्दीपलीकडे होते ते एकेक करून निघून गेले. मठातले स्वामीही गेले. मठाला भलंमोठं कुलूप लागलं. अप्पांनाही पुष्कळांनी सांगितलं की निघा. पण वाटेत बाटलीला गारवा कुठून आणायचा, पिचकारी कुठे उकळायची, आणि ऐन वेळी भाकरी मिळाली नाही तर? अप्पांनी कुणाला कारण सांगितलं नाही. दुकान सोडवत नाही एवढंच म्हणत. गाडीचा भरवसा राहिला नव्हता. एक बाटली चालू, एक वाळूत, आणि पुढची येईल की नाही ते कुणालाच माहीत नव्हतं.

त्या दिवसांत आमच्या लोकांनी चांदी पुरली. लिंग चांदीच्या डबीत असतं, दोऱ्यानं गळ्यात. चांदी गळ्यात दिसली तर गळ्यासकट जाईल, या धास्तीनं घरोघरी डब्या निघाल्या, आणि लिंगं साध्या पांढऱ्या फडक्यात बांधून गळ्यात आली. आमच्याही तिघांच्या डब्या अप्पांनी गोठ्यात पुरल्या. आईला ते आवडलं नव्हतं. फडक्याची गाठ ती सारखी चाचपत राही. "डबीत कसं, कुलपात असल्यासारखं वाटायचं," ती म्हणायची.

आषाढातली सकाळ होती. अंगणात चिखल, आभाळ खाली आलेलं. पीठ संपलं होतं म्हणून आई अंघोळ करून, कोरडं फडकं बांधून जात्यावर बसली. दळण झालं. मी पीठ गोळा करून मडक्यात भरलं आणि वरचं थोडं परातीत काढलं. पिचकारी उकळलेली होती. आईनं दंड पुढे केला, मी सुई दिली, ती पूजेला बसली. मी तव्यावर पहिली भाकरी टाकली.

"आगं, हे रिकामं हाय," आई म्हणाली.

मी वळून पाहिलं. तिच्या मांडीवर फडकं उलगडलेलं होतं. घडीला घडी होती, आत काही नव्हतं. गाठ सैल पडून लिंग कुठेतरी निसटलं होतं. आईचा डावा हात तसाच पुढे, उघडा.

माझ्या मनात लिंग आलंच नाही. माझ्या मनात आलं, सुई गेली.

"आई, आधी गूळ खा. मग आपण धुंडू."

"अंगावर लिंग न्हाई अन् खाऊ? येडी झालीस का?"

"सुई दिलीय मी तुला!"

"ठावं हाय मला. वरडू नको. जात्यापाशी बग."

मी जात्यापाशी बघितलं. जात्याच्या खाली हात घातला, वरची पाळू उचलून पाहिली, भिंतीच्या कडेनं सगळं चाचपलं. न्हाणीत गेले. मोरीत हात घातला. चुलीसमोरचं सरपण उलटंपालटं केलं. तव्यावरची भाकरी जळून घरभर धूर झाला. अप्पा धुराच्या वासानं आत आले. मी एका दमात सांगितलं. त्यांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्या हाताकडे, आणि अंगणातल्या चिखलात गुडघ्यावर बसले. पायवाटेचा चिखल ते बोटांनी चाळायला लागले. मग आडाच्या काठाशी जाऊन खाली वाकून पाहत राहिले. आडात पाणी काळं होतं, वरपर्यंत आलेलं.

लिंग हरवलं तर काय करायचं हे आमच्यात लहान पोरालाही माहीत असतं. सापडेपर्यंत अन्नपाणी बंद. नाहीच सापडलं तर गुरूपुढे जायचं, ते सांगतील ते करायचं. जुन्या काळी अशा माणसांनी प्राण सोडले, त्यांच्या गोष्टी आईनंच मला डोक्याला तेल लावता लावता सांगितल्या होत्या. स्वामी असते तर मी धावत मठात गेले असते, पाय धरले असते, त्यांनी मोकळीक दिली असती. आजारी माणसाला देतात. पण मठाला कुलूप होतं.

आईच्या वरच्या ओठावर घाम आला. अगदी बारीक. दुसऱ्या कुणाला दिसला नसता.

मी वाटीतल्या पाण्यात गूळ कालवला आणि तिच्यापुढे धरला. तिनं मान फिरवली. मी तिकडे गेले, तिनं इकडे फिरवली. मी रडले, शिव्या दिल्या, तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "तू मेल्यावर तुझं लिंग घेऊन काय करू मी?" असं काहीतरी बोलले. ती म्हणाली, "मराया काय झालं? सापडंल." पण तिचं 'सापडंल' लांबत चाललं होतं. हात थरथरत होते. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "माय, मला घरी ने." मला माय म्हणाली. तिची आई मरून कित्येक वर्षं झाली होती. मी वाटी तिच्या ओठांना लावली तर तिनं दात घट्ट आवळले आणि हाताच्या फटक्यानं वाटी उडवली. एवढी शुद्ध हरपली होती, पण दात आवळायचं तिला कळत होतं.

"अप्पा!" मी किंचाळले. "मरंल ती आता! हातातून चाललीय ती!"

अप्पा आडावरून उठले. चिखलाचे पाय तसेच घेऊन माजघरात गेले. मला वाटलं ते पळाले. सुई बघून पडतात तसंच. मी त्यांच्या नावानं बोटं मोडली. तेवढ्यात ते परत आले, आईसमोर गुडघे टेकून बसले आणि तिचा डावा हात उघडून त्यात लिंग ठेवलं.

"सापडलं," ते म्हणाले. "आडापाशी व्हतं, चिखलात."

आईनं तळहाताकडे पाहिलं. तिची बोटं मिटली. मिटल्या मुठीत तिचा अंगठा फिरत राहिला. घामानं तिची चोळी भिजली होती. मग तिनं नजर उचलून अप्पांकडे पाहिलं, अप्पांनी मान खाली घातली, आणि आईनं उजव्या हातानं भस्माची वाटी ओढली. हात इतका थरथरत होता की भस्म मांडीभर सांडलं. मी तिचं मनगट धरून भस्म लावलं, पाणी घातलं, बेल ठेवला. तिचे ओठ हलत होते. पूजा अशी अर्धवटच झाली. पण झाली, आणि मी पुन्हा कालवलेलं गुळाचं पाणी तिच्या तोंडाला लावलं. ती प्यायली. घोट उतरताना तिचा गळा हललेला मी पाहिला. दुसरी वाटी. मग दुधात कुस्करलेली कालची भाकरी. हळूहळू तिच्या डोळ्यांत ती परत आली, माझ्या नावानं मला हाक मारली आणि म्हणाली, "भाकरी जाळलीस की गं."

मी हुंदके देत वर पाहिलं तेव्हा अप्पा दाराशी उभे होते. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं होतं. अप्पांनी गळ्याचं बटण लावलेलं मी कधीही पाहिलं नव्हतं, लग्नाकार्यातसुद्धा नाही.

तेव्हा मला कळलं, आडापाशी काही सापडलं नव्हतं.

ज्याचं लिंग त्याचं, ते दुसऱ्याच्या हातात द्यायचं नसतं. अप्पांनी दिलं होतं. खोटं बोलून दिलं होतं, आणि त्यांच्या गळ्यात आता काहीच नव्हतं. म्हणजे अन्नपाणी त्यांचं बंद झालं होतं. सकाळपासूनची भीती आईवरून उठून त्यांच्यावर जाऊन बसली, एवढाच फरक.

ते दुकानात गेले. गिऱ्हाइकाला मीठ तोलून दिलं, तेल दिलं. गिऱ्हाईक गेलं की मागे येऊन चिखलात बघत. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले तर म्हणाले, "न्हाई." मी म्हणाले, "अप्पा, मला ठावं हाय." ते म्हणाले, "मग गप ऱ्हा. तिला कळलं तर दुपारची भाकरी बी खायाची न्हाई ती." दुपारी आईनं विचारलं की हे जेवले का. मी सांगितलं, दुकानातच चिवडा खाल्ला, पोट जड झालंय म्हणतात. आईनं गळ्यातली गाठ चाचपली. अप्पांचे ओठ कोरडे पडले होते. नाहीच सापडलं तर? आड उपसायचा कुणी? स्वामी परत येतील कधी? अप्पा हट्टी होते. जनावराच्या औषधाचं पाप त्यांनी एकट्यानं पोटात ठेवलं होतं, हेही ठेवतील, आणि पाण्यावाचून माझ्यासमोर वाळत जातील, असं मला स्पष्ट दिसत होतं. बाहेर टोळ्यांची भीती होतीच, पण त्या दिवशी कुणी टोळी आली असती तर मी तिच्याकडे वळूनही पाहिलं नसतं.

दिवस कलला. संध्याकाळच्या सुईची वेळ झाली. पिचकारी उकळायला ठेवली आणि भाकरीसाठी पीठ काढायला मडक्यात हात घातला. वरचं पीठ सकाळी आणि दुपारी निघालं होतं, म्हणून हात तळापर्यंत गेला. बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं.

मला वाटलं खडा. बाहेर काढलं. पिठानं पांढरं झालेलं, वाटोळं. मी पदरानं पुसलं, तर खालून काळं निघालं. दळताना आई पुढे-मागे हलत होती, तेव्हाच गाठ सुटून ते पिठात पडलं असणार आणि मी सगळं एकत्र भरलं असणार. आम्ही सगळं घर पालथं घातलं, आड वाकून पाहिला, आणि आईचं लिंग दिवसभर आमच्या भाकरीच्या पिठात बसून होतं.

मी मूठ मिटून दुकानात धावले. अप्पांच्या हातावर ठेवलं. ते खाली पोत्यावर बसले. त्यांनी ते कपाळाला टेकवलं. मग उठून आत आले, मी मागून. आई भिंतीला टेकून बसली होती. अप्पा तिच्यासमोर उभे राहिले. सगळा दिवस खोटं बोलता आलं होतं, खरं बोलायला त्यांना जमेना.

आईनंच हात गळ्याशी नेला. फडक्याची गाठ सोडली, आतलं लिंग काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"घ्या तुमचं," ती म्हणाली. "माझं सापडलं जणू."

अप्पा म्हणाले, "तुला ठावं व्हतं?"

"माझ्याला खालच्या अंगाला टवका हाय. रोज हातात घेते मी. इतकं बी कळंना का मला?"

"मग खाल्लंस कसं?"

आईनं रिकाम्या फडक्याची घडी केली. मग म्हणाली, "तुमच्या गळ्याकडं बगितलं. रिकामा व्हता. मी तशीच मेले असते तर माझं बी गेलंच व्हतं, अन् तुमचं बी माझ्यासंगं मातीत गेलं असतं. म्हनलं, एकाच्या तरी पोटात जाऊ दे."

अप्पांनी तोंड फिरवलं. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं, पाठमोरं. मग त्यांनी अंघोळ केली, पूजा केली आणि दिवसातलं पहिलं पाणी प्यायले. त्या संध्याकाळी आई भिंतीकडे तोंड करून बसली नाही. दोघं समोरासमोर जेवली. मी वाढत होते.

त्या औषधाबद्दल मात्र तिला अप्पांनीही कधी सांगितलं नाही, मीही नाही. पुढे कितीतरी वर्षं ती जगली. तिला ते कळलंच नव्हतं, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. आता खात्री नाही वाटत. तळहाताला टवका कळणारी बाई ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिचकारी भरली आणि माझा हात पुढे जाईना. आई दंड उघडा करून बसली होती. सुईच्या टोकावरचा थेंब खाली पडला. मी पिचकारी खाली ठेवली. म्हणाले, मला नाही जमायचं आज. अप्पा दाराशी होते. ते पुढे झाले, सुईकडे पाहिलं आणि चौकटीला धरून डोळे मिटून उभे राहिले.

आईनं फडकं सोडलं, लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि तो हात माझ्या तोंडासमोर आणला. दुसरा दंड तसाच पुढे.

"हे बग," ती म्हणाली. "हाय माझ्यापाशी. टोच आता."

मी टोचली. त्या दिवसापासून आमचा क्रम बदलला. आधी आई मला तळहात दाखवायची, मग सुई, मग पूजा, मग भाकरी. आणि भाकरीचा शेवटचा घास तिच्या घशाखाली उतरेपर्यंत मी तिच्यासमोरून हलत नसे.